दिवस मावळायच्या आत

प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये उंदरांसाठी ठेवलेली लाल कुपी नव्हती. लाल होतं तोवर ते द्रावण कामाचं. निळं पडलं की सोन्याचे कण एकमेकांना चिकटले, त्यांच्यावरचं केमोचं औषध सुटलं, असं समजून स्नेहल ते दुहेरी हातमोजे घालून टाकून देई.

दुपारी दाजी डबा द्यायला आले होते. ती हात धुऊन येईपर्यंत फ्रिजपाशीच उभे होते.

तिनं आक्काला फोन लावला, मग दाजींना. कुणीच उचलेना. तिनं स्कूटी काढली.

आक्काच्या छातीत गाठ निघाली तेव्हा स्नेहलनंच बहिणीची समजूत घातली होती. सोन्याचे अगदी बारीक कण पाठीवर औषध घेऊन जातात, त्यांना पत्ता ठाऊक असतो, थेट गाठीच्या दारात उतरवतात. हे अजून उंदरांतच, तेही शिरेतून, असंही ती म्हणाली होती. दाजींनी सोनं आणि पत्ता एवढंच उचललं.

गडमुडशिंगीच्या रस्त्यावर ती उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकली. स्कूटीच्या आरशात सूर्य अजून तांबडा होता. मावळ लवकर, ती पुटपुटली. घर जैन. दिवस मावळल्यावर आक्का पाण्याचा थेंबही घेत नसे, आजारपणातही नाही. एरवी स्नेहल त्यावरून तिच्याशी भांडायची.

ती दारात पोचली तेव्हा आरसा काळवंडला होता. तिला हायसं वाटलं.

आक्का सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. दाजी पेला विसळत होते.

"येळंत झालं बघ," ते म्हणाले. "दिवस मावळायच्या आत दिलं."

"काय दिलं, दाजी?"

"तुझं सोन्याचं पाणी. हिला वास सोसंना, मग लिंबू-मीठ घालून सरबत केलं. लालभडक होतं, मीठ पडल्यावर रंगच पालटला की."

गाडी काढा, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचंय, असं स्नेहल म्हणाली. दाजी पेला हातात धरून तसेच उभे राहिले.

आक्का मात्र हसली. किती दिवसांनी.

"भितीस कशाला गं? पत्ता ठाऊक हाय न्हवं त्याला?"

आणि बर्फाचा गोळा खाल्लेल्या पोरीसारखी तिनं जीभ बाहेर काढून दाखवली. टोकापासून आतपर्यंत निळी.