संचालकांचा राजीनामा

"काका, आज तरी बोला. नाहीतर मला तुम्हाला खालच्या वर्गात बसवावं लागेल," जर्मनच्या मॅडम हळूच म्हणाल्या. मुकुंदरावांनी मान डोलावली. घरी जाडजूड जर्मन पुस्तकं वाचणारे मुकुंदराव चारचौघांसमोर उभे राहिले की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची.

वर्गातल्या आजच्या वादविवादाचा विषय होता, धंदा आणि नीती. मुकुंदराव झाले खेळण्यांच्या कंपनीचे संचालक. खेळण्यांच्या रंगात विष सापडलंय, तरी माल विकायचाच, ही बाजू त्यांनी लढवायची होती. समोर ग्राहकांच्या वतीने ऋजुता. जर्मनीत नर्स व्हायला निघालेली ती पोरगी तावातावाने जर्मनमध्ये कडाडली, "बाळं खेळणी तोंडात घालतात, ठाऊक नाही तुम्हाला?"

मुकुंदरावांनी पाठ करून आणलेला युक्तिवाद आठवून पाहिला. त्यांना त्याची लाजच वाटली. ते ताडकन उठले आणि खणखणीत जर्मनमध्ये बोलत सुटले. सगळा माल परत मागवा, पालकांची माफी मागा, आणि हा घ्या माझा राजीनामा!

"अहो काका, तुम्ही माझ्या विरुद्ध बोलायचं होतं!" ऋजुता मराठीवर आली. "आता मी भांडू कोणाशी?"

"माझ्याशी नको," मुकुंदराव जर्मनमध्येच म्हणाले, "मी आता बेकार आहे. या वयात मला दुसरी नोकरी देतंय कोण?"

सगळा वर्ग खो खो हसला. "काका, तुम्ही कुठेही जायचं नाही," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या.

मुकुंदराव लाजून खाली बसले. त्यांनी आजवर मराठीतही कधी कोणाला हसवलं नव्हतं.