राजमातेचा बचाव

दार उघडलं तेव्हा रुचिराच्या हातात अजून काठी होती आणि तिचा नवरा हर्षद गादीवर पालथा पडला होता.

"कोण कुणाला मारतंय?" शिवदासकाकांनी दारातूनच विचारलं. ते सोसायटीचे सेक्रेटरी. मागे त्यांच्या पत्नी जानकीकाकू, खांद्यावरून पदर ओढून घेतलेल्या.

"काका, आमचं काम चाललंय," रुचिरा म्हणाली.

"हे काम? रोज धाडधाड आवाज, 'मेलीस आता' म्हणून ओरडणं. आम्ही बरोबर खाली राहतो. बाईवर हात उचललेला या बिल्डिंगमध्ये चालायचा नाही. मालकाला एक फोन केला ना, तर खोली खाली करावी लागेल."

रुचिरानं काठी खाली ठेवली. विक्रोळीतली ही भाड्याची खोली हाच त्यांचा स्टुडिओ होता. दैत्यांच्या राज्यावरची स्वतःची अ‍ॅनिमेशन मालिका करायची म्हणून दोघांनी नोकऱ्या सोडल्या होत्या. पहिलाच भाग अर्ध्यावर होता. खोली गेली की मालिका गेली.

तिनं लॅपटॉप काकांपुढे धरला. आधी मोबाइलवर घेतलेली दोघांची खोटी मारामारी, मग तीच चित्रांत. तीच वाकलेली पाठ, तोच झोक, फक्त हर्षदच्या जागी शिंगांचा दैत्य.

"आधी करून बघतो, मग काढतो. वजन कुठल्या पायावर जातं ते नुसतं बसून सुचत नाही."

काकांचा चेहरा सैलावला. तरी ते रुचिराकडे वळले. "पोरी, खरंच काही नाही ना? असेल तर सांग. घाबरायचं नाही."

तिला भरून आलं. इतक्या मायेनं या शहरात कुणी विचारलं नव्हतं.

मग चहा झाला. "आता कुठे अडलंय?" काकांनी विचारलं.

"राजमातेचा बचाव," हर्षद म्हणाला. "साठीची बाई आहे. हिनं केलं की कॉलेजातली पोरगी वाटते."

दोघांची नजर एकदमच काकूंकडे गेली.

"माका जमाचा नाय गो," काकू म्हणाल्या.

"कर गं, एवढं म्हणतायत तर," काका म्हणाले. काकू उठल्या.

त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. डावीकडे काठी घेऊन हर्षद, उजवीकडे खुर्चीत काका. रुचिरानं समोरच्या फळीवर मोबाइल लावला. "काकू, हा काठी उगारेल. तुम्ही फक्त स्वतःला वाचवायचं."

काकूंनी कोपर डोक्यावर घेतलं, हनुवटी छातीत घातली, गुडघे दुमडले. सगळं एका झटक्यात. हर्षदची काठी अर्ध्यातच थांबली.

"झकास! काकू, कुठे लपवली होती ही अ‍ॅक्टिंग?"

"आमची ही पालीलासुद्धा घाबरते," काका हसले. काकूही हसल्या.

निघताना काका म्हणाले, "करा बिनधास्त. दुपारी झोपेच्या वेळी तेवढा आवाज नको. मालकाला मीच सांगतो, चांगली पोरं आहेत."

दार लागलं. "वाचलो रे," म्हणत रुचिरानं व्हिडिओ उघडला आणि एकेक फ्रेम पुढे सरकवू लागली. बचाव अस्सल होता, पण काहीतरी जुळत नव्हतं. ती मागे गेली.

"अरे, काकू आधीच हलल्यात. तुझी काठी अजून गुडघ्यापाशी आहे बघ."

"घाई केली असेल."

"आणि कोपर भलत्याच बाजूला. तुझ्याकडे तर पाठ केलीय त्यांनी."

"उद्या परत घेऊ ना. आता ओळख झालीय."

रुचिरानं आणखी एक फ्रेम मागे घेतली आणि आतापर्यंत कडा कापून दिसणारं चित्र पूर्ण उघडलं. उजव्या टोकाला खुर्चीत शिवदासकाका बसले होते. चष्मा सारखा करायला त्यांनी नुकताच हात वर उचलला होता.