महाकवींचा मुक्काम
“थोर माणसं मेल्यावरही आपली जागा सोडत नाहीत,” असं जुन्या कबरस्तानाचा गाइड पर्यटकांना रोज गंभीरपणे सांगायचा. महाकवींची जागा मात्र त्यानेच बदलली होती. त्यांची खरी कबर म्हणजे भिंतीलगतची तडकलेली फरशी. तिच्यासमोर कुणी फोटोसुद्धा काढेना. म्हणून तो सगळ्यांना भलत्याच संगमरवरी कबरीपाशी नेऊ लागला. तिच्यात साबणाचा व्यापारी होता, पण त्याचं नाव केव्हाच झिजलं होतं. आज एका म्हाताऱ्या बाईंनी “मी महाकवींची नात” म्हणत तिथेच फुलं ठेवली. नोकरी गेली तर गेली, असं ठरवून गाइड पुटपुटला, “आजी, इथे तुमचे आजोबा नाहीत.” “ठाऊक आहे रे. ते तिकडे भिंतीपाशी आहेत.” गाइडचा जीव भांड्यात पडला. “मग फुलं इथे?” “आईसुद्धा इथेच ठेवायची. तिकडे ऊन फार लागतं.”