लाल

हेंग म्हातारीने जावयाची पाठटोपली खुंटीवरून काढली आणि दारात आणून ठेवली. रिकामी.

"हे कशाला?" तिची लेक मिएन म्हणाली.

"आपल्या घरात आला तेव्हा हीच पाठीला होती. उजाडलं की हीच घेऊन आपल्या आईकडे जाईल. म्हणावं, तुमचा माल तुम्हाला लखलाभ."

चुलीपलीकडे जावई, दिएप, मक्याचा भात चिवडत बसला होता. किनाऱ्यावर घरबांधणीच्या कामाला म्हणून गेला होता. परवा परतला तो परका होऊनच. पाणी मागायचं तर खालच्या मैदानातल्या किन्ह लोकांच्या भाषेत, सरपण मागायचं तरी तेच. आपल्या रागलाई बोलीचा एक शब्द तोंडातून निघेल तर शपथ.

"असेल कुणीतरी किन्ह बाई," मिएन म्हणाली. "जीभ तिच्याकडेच ठेवून आलाय."

हेंगला दुसराच वास येत होता. बाहेर बाई ठेवणारा पुरुष घरी आला की गोड बोलतो. हा तर बोलायलाच भीत होता. आणि म्हणे बांधकाम! नखात सिमेंटचा कण नाही, पोटऱ्या मात्र काट्यांनी ओरबाडलेल्या.

"जावईबुवा, आमची भाषा टोचते का हो? एकदा आपल्या बोलीत मीठ माग. नुसतं मीठ. टोपली परत वर ठेवते."

दिएपने मिठाच्या वाटीकडे पाहिलं. मग किन्ह भाषेत म्हणाला, "राहू दे, आई. अळणी चालेल."

"ऐकलंस? आई म्हणतो तेही त्यांचंच!"

मिएन तणतणत उठली आणि तिने ओला बांबू चुलीत खुपसला. फाडकन आवाज झाला. निखारा उडून तिच्या लुंगीच्या घोळात पडला.

"लाल! लाल पडली!" दिएप चक्क रागलाईत ओरडला, झेपावला आणि निखारा त्याने उघड्या तळहाताने चुरगळला.

"आग म्हणता येत नाही तुला?" मिएन रडत म्हणाली.

हेंगचा हात होता तिथेच थांबला. आगीला आपुय म्हणतात हे दात न आलेलं पोरही जाणतं. लाल म्हणतात ते फक्त अगराच्या, त्या सुगंधी लाकडाच्या, शोधात रानात शिरलेले पुरुष. झाडाला रागलाई कळते. खरी नावं कानावर पडली की ते आपला सुगंध दडवतं. काम पुरं होईतो घरी आलं तरी ती नावं घ्यायची नाहीत. किन्हांचं बोलणं झाडाला कळत नाही.

म्हणजे झाड सापडलंय. तोडायचं राहिलंय.

तिचा नवरा असाच आगीला लाल म्हणत घरातून गेला होता, तो परतलाच नाही. त्यानंतर अगराचं नाव तिने या छपराखाली येऊ दिलं नव्हतं.

दिएपने मान खाली घातली होती. भाजलेला तळहात मांडीवर उताणा पडला होता.

म्हातारी उठली. दारातली टोपली उचलून तिने पुन्हा खुंटीला अडकवली.

"मिएन, ती लाल विझतेय. लाकूड घाल."

"आई, तू पण?"

"घाल म्हणते ना! आणि तोंड आवर. घरचा माणूस रानात असला की बाईने भांडू नये."

"रानात? हा काय समोर बसलाय!"

हेंगने जावयाकडे पाहिलं नाही. ती टोपलीकडेच बघत होती.

"अजून आलेला नाही तो," ती म्हणाली.