जीपचं पाणी

“ही जीप पाणी पीत न्हाय मकबूल, ढोसती,” दूध सोसायटीचे चेअरमन रेवणप्पा म्हणाले. “रोजचे दोन डबे! हितं मानसाला घोटभर मिळंना, आन् हिचे लाड.”

त्या दुष्काळात सोसायटीच्या विहिरीला तेवढं पाणी टिकून होतं, आणि विहिरीच्या कुलपाची किल्ली रेवणप्पांच्या करदोट्याला असे. जीप बंद पडली तर गावोगावचं दूध नासणार. म्हणून रोज सकाळी ते स्वतः उभे राहून ड्रायव्हर कोंडिबाला दोन डबे भरून देत आणि दिवसभर हळहळत.

मकबूल मिस्त्रीनं बॉनेट उघडलं. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप, तिचा मूळचा पितळी रेडिएटर. जळकोटला हायवेवर मकबूलचं गॅरेज होतं आणि आपल्यासारखा हात उमरग्यापर्यंत कुणाचा नाही, हे तो कुणी न विचारताच सांगे. त्यानं रेडिएटर खाली घेतला, फुंकून पाहिला. कुठंच गळत नव्हता. मग आत गाळ धरला असणार, इंजन तापून पाण्याची वाफ होत असणार, असा निकाल त्यानं तिथंच देऊन टाकला.

“अप्पा, ह्याला भंगारात घाला. ॲल्युमिनियमचा बसवतो. वजनाला हलका, आन् पानी झटक्यात थंड करतो. हप्त्याला एक लोटा जरी पिला, तर माझं नाव बदला.”

“जुनाच बरा हाय की, अप्पा,” कोंडिबा हळूच म्हणाला. त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

“बसव,” रेवणप्पा म्हणाले. “जमलं तर सोसायटीचे तिन्ही ट्रक तुझ्याकडं. न्हाय जमलं तर ह्या दारात पुन्ना पाय ठिवायचा न्हाय.”

तीन ट्रक म्हणजे गॅरेजला बाराही महिने काम. मकबूल सोलापूरच्या भंगार बाजारात तीन दिवस हिंडला. एका ठोकलेल्या परदेशी गाडीचा रेडिएटर मिळाला, तो निघाला रुंद. त्यानं नवे ब्रॅकेट केले, पाण्याचे रबरी होज कापून जुळवले, पंखा मागं सरकवला. जेवणाची शुद्ध नव्हती. जीप भर उन्हात नळदुर्गला जाऊन आली, तरी तापमानाचा काटा हलला नाही. मकबूलनं रेडिएटरवर थाप मारली आणि स्वतःच्याच कामावर खूष होऊन चहा मागवला.

आठ दिवसांनी रेवणप्पांचा निरोप आला. दोन डबे चालूच होते.

मकबूलची कानशिलं तापली. “आनखी आठ दिवस द्या,” एवढंच तो म्हणाला. जाताना त्यानं रेडिएटरच्या झाकणाला केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळून ठेवली. झाकण फिरवलं की तार तुटलीच पाहिजे.

आठ दिवसांनी तार जशीच्या तशी होती. झाकण काढलं, तर पाणी काठोकाठ. मकबूल मोठ्यानं हसला. रेडिएटर पास झाला होता, नापास झाला होता कोंडिबा. पाणी विकत असणार लेकाचा! दुसऱ्या दिवशी दुपारी संचालकांपुढं सोक्षमोक्ष ठरला होता. त्याआधी चोर रंगेहाथ पकडावा म्हणून मकबूल सकाळीच सायकलीवर जीपच्या मागं लागला.

जीप पहिल्याच गावाबाहेर सडक सोडून बौद्ध वस्तीकडं वळली. तिथं अकरा घागरी ओळीनं मांडलेल्या होत्या. म्हातारी बनाबाई डब्यातलं पाणी तांब्यानं मोजून प्रत्येक घागरीत सारखं घालत होती. कोंडिबानं मकबूलला पाहिलं. त्यानं काही लपवलं नाही.

“कितीला इकतोस?”

“माझीच वस्ती हाय ही, मकबूलभाई. सरकारी टँकर गावातल्या आडात रिकामा हुतो, आन् आडाला आमची घागर लागू देत न्हायत. अप्पाबी त्याच गावचे. त्यांना काय सांगू?”

“लेकरांचं भागतंय बाबा,” बनाबाई हात न थांबवता म्हणाली. “मोठ्यांचं काय, दिस काढतोय कसंबी.”

मकबूलला वाईट वाटलं. पण कामाला लागलेला बट्टा त्याहून झोंबत होता. “माझ्या हाताला कुनी नाव ठिवलेलं म्या ऐकून घेनार न्हाय, कोंडिबा.”

“घिऊ नका,” कोंडिबा म्हणाला. “जे हाय ते सांगा.”

दुपारी सातही संचालक बसले होते. कोंडिबा दाराशी उभा होता. चप्पल बाहेर काढून मकबूल आत आला. छाती पुढं काढून, नेहमीसारखाच.

“बोल,” रेवणप्पा म्हणाले. “रेडिएटर खोटा का ड्रायव्हर खोटा?”

“रेडिएटर, अप्पा,” मकबूल म्हणाला. “ॲल्युमिनियम पितळापेक्षा जास्त पितं. दोन डब्यांत भागायचं न्हाय, तीन लागतील.”