दोन ढीग

"मग हे कुठं टाकू?" ग्रंथालयाच्या सहायकानं हातातला कागद नाचवत विचारलं. "पहिल्या ओळीत मुरलीवाला, दुसऱ्या ओळीत मदिनेवाला. मधोमध कापू का?"

"काप की," ढोलकी आवळता आवळता मावशी म्हणाली. "पण चाल कोणत्या तुकड्याला देशील?"

शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावरची ती खोली. आठवड्यातून एकदा सगळी गल्ली तिथं गायला जमायची. पिढ्यान्‌पिढ्या साठलेली दोनशे बारा गाणी कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीत होती. सहायकाला ती दोन पुस्तकांत वाटायची होती: हिंदूंची गाणी आणि मुसलमानांची गाणी. ग्रंथालयाच्या साहेबांचं तसं फर्मानच होतं. दोन मुखपृष्ठं तर छापूनही झाली होती. पुस्तकं वेळेत निघाली तर सहायकाची नोकरी कायम. नाही निघाली तर नऊ वर्षं हंगामी राबल्याबद्दल हातात नारळ.

तीन महिने तो डोकं आपटत होता. कृष्णाचा पाळणा लिहिणारा निघाला बांगड्या भरणारा मुसलमान. पिराची आळवणी निघाली देवळातल्या पुजाऱ्याची, तीही आरतीच्या चालीवर. कर्त्यावरून वाटणी करावी तर शब्द आडवे येत, शब्दांवरून करावी तर चाल.

पेटी ज्याच्या ताब्यात होती तो खालचा दुकानदार म्हातारा तर या सगळ्यांच्या वरताण. अर्धी गल्ली त्याला बुवा म्हणे, अर्धी उस्ताद. तो दोन्ही हाकांना ओ देई.

"तुम्ही नक्की कोण?" सहायकानं एकदा वैतागून विचारलं होतं.

"मशीनवाला," म्हाताऱ्यानं सांगितलं आणि तेलाची कुपी उचलली.

आज मात्र सहायकानं सरळ हात जोडले. "बुवा, उस्ताद, जे कोण असाल ते! सोमवारी साहेब कागद मागणार. मला दोन ढीग करून द्या. माझ्या पोरीबाळींकडे बघा."

"किती पोरी?"

"एकच आहे. पण बघा!"

म्हाताऱ्यानं हातातली तेलाची कुपी खाली ठेवली, हात फडक्याला पुसले.

"दोन ढीग हवेत ना? होतील. मध्ये तोंड घालायचं नाही."

तो एकेक कागद घेई, पहिलं कडवं गाऊन बघे आणि कागद डावीकडे नाहीतर उजवीकडे ठेवी. मध्येच पाणी पिई, कवळी काढून वाटीत टाके, पुन्हा बसवी, मावशीला ठेक्यावरून बोल लावी. त्या खडखडाटानं सहायकाचं डोकं उठलं. मावशीला काय झालं होतं कोण जाणे, ती पदर तोंडाला लावून सारखी खोकत होती. पण कागद ठेवणारा हात एकदाही अडखळला नाही. ज्या गाण्यावर सहायकानं आठवडा घालवला, ते दोन ओळींत उजवीकडे गेलं.

संध्याकाळपर्यंत पेटी रिकामी झाली.

"डावा ढीग कुणाचा?"

"तुला कुणाचा वाटतो?"

सगळ्यात वर पुजाऱ्याची आळवणी होती. "हिंदूंचा?"

"लिही मग."

पुस्तकं निघाली आणि काय सांगावं, दोन्हीकडची मंडळी खूश! आमची गाणी वेगळीच, हे आम्ही पहिल्यापासून सांगत होतो, असं जो तो सांगू लागला. साहेबांनी तर लांबलचक प्रस्तावना लिहिली: हिंदूंच्या गाण्यात उच्चार घट्ट, दाणेदार, मुसलमानांच्या गाण्यात तो मोकळा, थेट गळ्यातून आलेला, कान असलेल्याला हा फरक पहिल्याच ओळीत कळतो.

खोलीत मात्र माणसं आता समोरासमोरच्या भिंतींना टेकून बसू लागली, आपापलं पुस्तक मांडीवर घेऊन. एका भिंतीचं गाणं सुरू झालं की दुसरी भिंत घड्याळाकडे बघे. मावशी ढोलकी घेऊन मधे एकटीच.

महिन्याभरानं सहायक आला, तो खिशात नोकरी कायम झाल्याचा हुकूम घेऊनच. दुकानात म्हातारा मशीन खोलून बसला होता. डाव्या पुस्तकातलं गाणं संपवून, श्वासही न घेता, तो उजव्यातल्या गाण्यात शिरला. पुढ्यातल्या वाटीत मशीनचे स्क्रू होते.

"साहेब दुसरी आवृत्ती काढतायत," सहायक म्हणाला. "प्रस्तावना वाढवतायत. तुमची काही दुरुस्ती?"

"आहे. दोन्ही पुस्तकं एकात बांधा."

सहायकाचा हात खिशावर गेला. "अहो, का पण?"

म्हाताऱ्यानं पांढरेशुभ्र दात विचकून दाखवले.

"जुनी कवळी निम्म्या गाण्यांत निसटायची रे, म्हणून तेवढी वेगळी काढली होती. ही नवी सगळ्यांत टिकते."