फाडलेला पेपर

“का फाडलास? तोंड आहे ना? बोल की!”

नववीतली पोर, शिक्षकांच्या खोलीत हाताची घडी घालून उभी. नजर खिडकीबाहेर. गणिताच्या बाईंचा पारा आणखी चढला. एवढीशी चिमुरडी, आणि तोरा बघा!

बाईंचा शिरस्ता सगळ्या वर्गाला ठाऊक होता. पेपर तपासायचे शेजारच्या तुकडीचे सर. बाई घडी केलेले पेपर तसेच वाटायच्या आणि एकेकाने उभं राहून आपले गुण मोठ्याने सांगायचे. कोणाला किती, हे बाईंनाही तेव्हाच कळायचं. आज हिची पाळी आली. ही उठली, घडी उघडली, शेजारी बसलेल्या मैत्रिणीकडे एकदा पाहिलं आणि सगळ्यांदेखत पेपर टराटरा फाडला. बावीस वर्षांच्या नोकरीत बाईंचा असा पाणउतारा कधी झाला नव्हता.

आता आतल्या खोलीत मुख्याध्यापक वाट बघत होते. फाडलेला पेपर त्यांच्यापुढे गेला, की हिची आठ दिवस शाळा बंद आणि दाखल्यावर शेरा.

“नापास झालीस, म्हणून लपवतेस होय?” बाई तुकड्यांना चिकटपट्टी लावत म्हणाल्या. “मी काही कच्च्या गुरूची चेली नाही. जन्मभर शेरा मिरवशील, मग कळेल.”

पोरगी ढिम्म. पापणीसुद्धा हलली नाही.

शेवटचा तुकडा बसला. लाल शाईतला आकडा जुळला. पन्नासपैकी पन्नास.

बाई बघतच राहिल्या. राग कुठल्या कुठे पळाला. “अगं वेडे! आधी नाही का सांगायचंस? चल, आत्ताच्या आत्ता वर्गात चल. सगळ्यांना दाखवते. तुझ्या त्या मैत्रिणीला तर मुद्दाम दाखवते!”

तेव्हा कुठे पोरगी हलली. धावत येऊन तिने पेपर दोन्ही हातांनी दाबून धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

“नको ना, बाई! मागच्या वेळी तुम्ही तिला सगळ्यांसमोर म्हणालात, ‘हिच्याकडून शीक काहीतरी.’ तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. कोणीच बोलत नाही.”

बाईंच्या हातातली चिकटपट्टी तशीच राहिली. आतून मुख्याध्यापकांची हाक आली. पोरीने बाहीला नाक पुसलं आणि आपणहून दाराकडे वळली.

“आठ दिवस घरी बसवा, बाई. पण माझं कौतुक करू नका.”